आद्य नाटककार विष्णुदास भावे

धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः तुळजापूरच्या परिसरात, घरचे लग्नकार्य पार पडले की भवानीचा गोंधळ घालण्याची चाल आहे. रात्री पाट मांडतात, पाटावर नवे वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात आणि मध्यभागी कलश ठेवतात. उसाची ताटे एकत्र बांधून त्यावर उभी करतात. दिवटी पेटते, संबळ घुमू लागते, तुणतुण्याची तार बोलू लागते आणि पायघोळ झगा व कवड्यांची माळ घातलेला गोंधळी पुढे येतो. आधी तो गावोगावच्या देवदेवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन करतो. मग रात्र चढत जाते आणि आख्यान सुरू होते.

आख्यानात राजा येतो, राणी येते, प्रधान येतो. परंतु अंगणात प्रत्यक्ष उभा असतो तो एकटा गोंधळी. राजाचे बोलणे तोच बोलतो, राणीचे रडणेही तोच रडतो. आवाज थोडा चढविला की राजा, थोडा मऊ केला की राणी. शेजारचा साथीदार मध्येच एखादा खोडकर प्रश्न विचारतो, लोक हसतात आणि कथा पुढे सरकते. मांडीला मांडी लावून बसलेल्या मुलांना त्या एकाच माणसात सारा दरबार दिसत असतो.

अशा रीतीने कथा सांगण्याचे प्रकार महाराष्ट्रात पूर्वीपासून होते. देवळात कीर्तनकार आख्यान लावीत. उत्सवाच्या शेवटी लळित होई व त्यात निरनिराळी सोंगे येत. कोकणात दशावतारी खेळ चालत. बहुरूपी दारोदार फिरून वेष दाखवीत. तमाशाच्या फडात वग रंगे. कथा होती, गाणे होते, सोंग होते, विनोद होता. मात्र ज्याला आपण नाटक म्हणतो, म्हणजे एकच कथा आरंभापासून शेवटापर्यंत प्रत्येक पात्राने आपापल्या तोंडाने बोलून दाखवायची आणि ती पाहण्यासाठीच लोकांनी जमायचे, तो खेळ मराठी मुलखात अजून उभा राहिला नव्हता. तो ज्यांनी उभा केला, त्यांचे नाव विष्णु अमृत भावे. लोक त्यांना विष्णुदास भावे या नावाने ओळखतात. हे घडले कृष्णाकाठच्या सांगलीस.

त्या काळी सांगली हे पटवर्धनांचे एक लहान संस्थान होते. चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन हे तेथील अधिपती. मिरजेहून वेगळे होऊन त्यांनी सांगलीस आपली राजधानी केली होती. विष्णुदासांचे वडील अमृतराव भावे त्यांच्याच पदरी नोकरीस होते. नोकरदाराच्या मुलाने बापाप्रमाणे लेखणी हाती घ्यावी, संस्थानची चाकरी करावी, हा सरळ मार्ग होता. विष्णूचे लक्ष मात्र दुसरीकडे असे. त्याला पदे रचण्याचा नाद होता आणि हाताने वस्तू घडविण्याची हौस होती. लाकडाच्या बाहुल्या तयार करून त्यांना रंग द्यावा, वस्त्रे नेसवावी आणि दोऱ्यांनी नाचवून रामायणातील कथा दाखवावी, असा त्याचा विचार चालला होता. असल्या उद्योगाला घरोघरची वडील माणसे काय म्हणतात, हे सांगण्याची गरज नाही!

१८४२ साली कर्नाटकाच्या किनारपट्टीतून एक भागवत मंडळी सांगलीस आली. ही मंडळी पुराणातील कथा सोंगे आणून, गाऊन व नाचून दाखवीत असे. त्यांची भाषा कानडी. आप्पासाहेबांनी हे खेळ पाहिले. खेळाची कल्पना त्यांना फार आवडली. परंतु त्यातील उड्या, आरडाओरडा आणि ओबडधोबडपणा मनास आला नाही. असाच खेळ मराठीत, अधिक नेटका व सुसंस्कृत करून दाखविता येईल काय, असे त्यांच्या मनात आले. हे काम कोणाला सांगावे? पदे रचणारा व बाहुल्या घडविणारा तरुण विष्णू दरबारी मंडळींना ठाऊक होताच. आप्पासाहेबांनी त्याला आज्ञा केली.

आज्ञा करणे सोपे होते. विष्णुदासांपुढे मात्र वाट दाखविणारे कोणीच नव्हते. कोकणातील दशावतारी खेळ आणि नुकताच पाहिलेला कानडी खेळ, एवढेच काय ते नमुने. मराठीत बसविलेले नाटक त्यांनी पाहिले नव्हते, कारण ते आसपास कोठे नव्हतेच. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. दूर दक्षिणेत तंजावर येथे भोसले राजांच्या दरबारात, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून, मराठीत नाटके लिहिली जात होती. शहाजीराजे यांनी स्वतः अशी नाटके रचली होती. पण ती हस्तलिखिते तंजावरातच राहिली. महाराष्ट्राला त्यांची ओळख विसाव्या शतकात झाली. म्हणून तंजावरची नाटके वयाने वडील असली तरी महाराष्ट्रातील रंगभूमीची परंपरा त्यांच्यापासून सुरू होत नाही; ती सांगलीपासूनच सुरू होते.

विष्णुदासांनी सीतास्वयंवराची कथा निवडली. निवड फार विचारपूर्वक झाली असे म्हणावे लागते. ही कथा लहानथोरांना पाठ होती, त्यामुळे पुढे काय होणार हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. शिवाय तिच्यात सर्व रस आहेत. जनकाची चिंता आहे, जमलेल्या राजांचा गर्व आहे, प्रचंड शिवधनुष्य आहे, ते उचलू न शकणाऱ्यांची फजिती आहे आणि शेवटी धनुष्यभंगाचा कडकडाट आहे. बाहुल्यांच्या बाबतीत लाकूड मुकाट्याने ऐकते. येथे जिवंत माणसांना शिकवायचे होते. पदे रचणे, त्यांना चाली लावणे, पात्रांची निवड करणे, त्यांच्याकडून तालमी करवून घेणे, वेष व मुखवटे ठरविणे ही सारी कामे मुख्यतः विष्णुदासांच्याच अंगावर पडली.

आणखीही एक अडचण होती. सभ्य घराण्यातील माणसाने तोंडाला रंग लावून चारचौघांत नाचणे हे त्या काळी कमीपणाचे समजत. स्त्रियांनी नाटकात काम करण्याचा तर प्रश्नच नव्हता. सीतेचे काम मुलानेच करावयाचे. अशा वेळी राजाची इच्छा हाच मोठा आधार होता. खुद्द संस्थानाधिपतींनीच खेळ मांडावयास सांगितला असल्यामुळे नावे ठेवणाऱ्यांची तोंडे काही काळ तरी बंद झाली.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात आप्पासाहेबांसमोर ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला.

हा प्रयोग आजच्या नाटकासारखा नव्हता. भाव्यांच्या नाटकांची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिच्यावरून त्याची कल्पना करता येते. पलित्यांच्या आणि तेलाच्या दिव्यांच्या उजेडात पडदा दिसतो. आधी सूत्रधार येतो. त्याच्यामागे मृदंग व झांजा घेऊन साथीदार उभे असतात. सूत्रधार मंगलाचरण गातो. इतक्यात चित्रविचित्र वेष केलेला विदूषक उड्या मारीत येतो आणि त्या दोघांचे गमतीचे संभाषण होते. आज कोणते आख्यान लावणार, असे विदूषक विचारतो; सूत्रधार सांगतो. मग विघ्नहर्त्या गणपतीची स्तुती होते आणि गणपतीचे सोंग घेतलेला नट प्रत्यक्ष पुढे येऊन आशीर्वाद देतो. त्याच्यानंतर सरस्वती येते. कमरेला मोराची आकृती बांधलेली असल्यामुळे ती मोरावर बसून नाचत आहे असा भास होतो. एवढे सारे झाले म्हणजे मुख्य कथानकास आरंभ व्हायचा.

कथानक सुरू झाल्यावरही सूत्रधार निघून जात नसे. तो बाजूस उभा राहून कथेचा धागा हाती ठेवी. जनक राजा चिंतेत पडला आहे, असे पद सूत्रधाराने साथीदारांसह गायचे. पद चालू असताना जनकाने तो भाव मुद्रेने व हावभावांनी दाखवायचा. आणि पद संपले की त्याने पुढे होऊन त्याच आशयाचे चार शब्द बोलायचे. हे बोलणे लिहिलेले नसे! पदे विष्णुदासांनी रचलेली असत. गद्य भाषण नटाने ऐन वेळी आपल्या बुद्धीने करावे, अशी रीत होती. हुशार नट असेल तर तो प्रसंग रंगवी. नट चाचरला तर सूत्रधार दुसरे पद सुरू करून त्याची सुटका करी.

वरवर पाहता यात फार मोठे असे काय घडले, अशी शंका येईल. गोंधळ्यानेही पद म्हणून कथा सांगितली होती आणि भाव्यांच्या सूत्रधारानेही तेच केले. फरक इतकाच, की जनकाचे बोलणे आता जनकाच्या तोंडून आले, रावणाचा अहंकार रावणाच्या तोंडून आला आणि सीतेचा संकोच सीता होऊन उभ्या राहिलेल्या मुलाच्या मुखावर दिसला. एका माणसाच्या तोंडात दडलेला दरबार बाहेर येऊन रंगभूमीवर उभा राहिला. सांगणाऱ्याची कथा करणाऱ्यांची झाली.

राक्षस हे या नाटकांचे मोठे आकर्षण होते. भडक रंगवलेले तोंड, विस्कटलेले केस आणि हातात शस्त्र घेऊन राक्षस आरोळ्या ठोकीत प्रवेश करी, तेव्हा पुढे बसलेली मुले मागे सरकत. देव आणि राक्षस यांचे युद्ध बराच वेळ चाले. पुढील पिढीतील सुशिक्षितांनी या आरोळ्यांवरून असल्या नाटकांची ‘अललडुर्र’ नाटके म्हणून थट्टा केली. थट्टा अगदीच खोटी नव्हती. परंतु थट्टा करणारे ज्या नाट्यगृहात बसून शांतपणे संगीत नाटक ऐकत, त्याचा पाया याच आरोळ्यांनी घातला होता.

पहिला प्रयोग आप्पासाहेबांना पसंत पडला. त्यानंतर विष्णुदासांनी रामायणातील पुढील कथांवर एकामागून एक नाटके रचली. सुमारे आठ वर्षे राजाश्रयाखाली हा उद्योग निर्वेधपणे चालला. नटांच्या पोटाची काळजी नव्हती, खर्चाची विवंचना नव्हती. आणि पाहणारे म्हणजे राजा, त्याचे आप्त, दरबारी व आमंत्रित मंडळी.

१८५१ साली चिंतामणराव आप्पासाहेब मरण पावले.

त्यांचे वारस धुंडिराजराव त्या वेळी लहान होते. ज्याच्या इच्छेने नाटक जन्मास आले तो राजा गेला आणि त्याबरोबर नाटकाचा आधारही तुटला. आता विष्णुदासांनी काय करावे? एक मार्ग असा, की झाले तेवढे पुरे म्हणावे, सोंगांचे सामान अडगळीत टाकावे आणि एखादी नोकरी पाहावी. तसे झाले असते तर सांगलीच्या राजवाड्यात काही वर्षे नाटके होत असत, एवढीच एक नोंद जुन्या दफ्तरात उरली असती. तंजावरच्या नाटकांचे जे झाले तेच सांगलीच्याही नाटकांचे झाले असते.

विष्णुदासांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी नटांना एकत्र ठेवले, नाटक मंडळी घेऊन गावोगाव जाण्याचे ठरविले आणि राजाऐवजी लोकांसमोर खेळ मांडला. हीच सांगलीकर नाटक मंडळी. राजवाड्यातील प्रेक्षक आमंत्रणावरून येत. हे प्रेक्षक पैसे देऊन येणार होते. खेळ आवडला तरच मंडळी दुसऱ्या दिवशी जेवणार. आवडला नाही, तर परगावी, परक्या लोकांत, पंधरावीस माणसांचा कबिला घेऊन काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुक्कामी नव्याने शोधावे लागत होते.

त्या काळचा प्रवास सोपा नव्हता. १८५३ च्या एप्रिलमध्ये मुंबईपासून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली खरी. पण बोरघाटातून रेल्वे सुरू व्हायला १८६३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत देशावरच्या माणसाने मुंबईस जायचे म्हणजे बैलगाडीने किंवा पायी घाट उतरायचा. पडदे, मुकुट, धनुष्यबाण आणि सरस्वतीचा मोर यांचे ओझे बरोबर असले म्हणजे वाट अधिकच लांब होते.

तरीही १८५३ साली सांगलीकर मंडळी मुंबईस पोहोचली. प्रथम गिरगावात आणि पुढे ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले. हे नाट्यगृह १८४६ साली उघडले होते आणि त्यासाठी जागा दिली होती मुंबईचे थोर नागरिक जगन्नाथ शंकरशेट यांनी. तेथे त्यापूर्वी प्रामुख्याने इंग्रजी नाटके होत. त्या रंगमंचावर आता मराठी सूत्रधार उभा राहिला. पडद्यापुढे मराठी, गुजराती, पारशी आणि इंग्रज असे नाना प्रकारचे प्रेक्षक बसले होते. ज्यांना मराठी समजत नव्हते त्यांनाही खेळाची गोडी लागावी, म्हणून भाव्यांनी गोपीचंद राजाच्या कथेवर हिंदी नाटकही केले. सांगलीच्या दरबारात केवळ राजाला आवडेल असे करणे पुरेसे होते; मुंबईत, समोर कोण बसले आहे हे पाहून विचार करणे भाग पडले, आणि त्यानेच विष्णुदासांचे क्षितिज विस्तारले असावे.

(त्याच १८५३ साली निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग, तुळजापूर हा भाग १८६० पर्यंत इंग्रजांकडे राहिला व नंतर पुन्हा निजामाकडे गेला. मुंबईत नाटकाची तिकिटे विकली जात असताना या भागातील लोक राज्य कोणाचे आले याचीच चौकशी करीत होते; कथा ऐकण्याची त्यांची हौस गोंधळी आणि कीर्तनकार भागवीत होते.)

मुंबईत उडालेली ही ठिणगी मराठीपुरती राहिली नाही. १८५३ मध्येच ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पारशी मंडळींनी रुस्तम-सोहराबाच्या इराणी कथेवर गुजराती भाषेत नाटक केले. त्यातून पारशी आणि गुजराती रंगभूमीची वाढ झाली. या रंगभूमीच्या आरंभाचा विचार करताना अभ्यासक सांगलीकर मंडळींच्या मुंबईतील प्रयोगांचीही आठवण काढतात.

गुजराती नाटकाचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या रणछोडभाई उदयराम दवे यांची हकीकत भाव्यांच्या हकीकतीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. रणछोडभाईंचा जन्म १८३७ साली खेडा जिल्ह्यातील महुधा या गावी झाला. आपल्याकडे भवानीपुढे गोंधळ होतो, तशी गुजरातेत अंबामातेपुढे भवाई होते. भवाईत गाणे, नाच, सोंगे सारे असते. परंतु त्या काळच्या भवाईत शिरलेला ग्राम्यपणा पाहून रणछोडभाईंना वाईट वाटे. लोकांना नाटक तर हवे, पण ते असे नको, या तळमळीने त्यांनी लेखणी उचलली. आप्पासाहेबांनाही कानडी खेळ पाहून असेच काहीसे वाटले होते, हे येथे सहज ध्यानात येते. मात्र रणछोडभाईंच्या पाठीशी राजा नव्हता. ते मुंबईत राहून लिहीत होते आणि छापखाना व प्रेक्षक हेच त्यांचे आश्रयदाते होते. १८६६ सालचे त्यांचे ‘ललितादुःखदर्शक’ हे नाटक देवादिकांचे नाही. सुशील ललितेचे लग्न एका दुराचारी तरुणाशी लावून दिले जाते आणि त्या विजोड विवाहात तिच्या आयुष्याची वाताहत होते, अशी ती कथा आहे. शेकडो घरांत जे दुःख मुकाट्याने सोसले जात होते ते रंगभूमीवर बोलू लागले आणि प्रेक्षक हेलावून गेले. रणछोडभाईंना दीर्घ आयुष्य लाभले. १९२३ साली ते वारले.

मराठीतही नाटक पुराणातून बाहेर पडत होते. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भोळ्या शेतकरी जोडप्याची अज्ञानामुळे होणारी फसवणूक त्यात दाखविली आहे. त्या काळी ते रंगभूमीवर येऊ शकले नाही, ही मोठी दुःखाची गोष्ट होय. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे ऐतिहासिक नाटक लिहिले. त्यात सूत्रधाराचे सतत गाणे नाही. प्रत्येक पात्राचे भाषण आधीच लिहून ठेवलेले आहे. भाव्यांच्या नटांना जे ऐन वेळी सुचावे लागे, ते आता नाटककार लिहून देऊ लागला.

भाव्यांचे यश पाहून ठिकठिकाणी नाटक मंडळ्या निघाल्या होत्या. इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, आळतेकर अशा गावांच्या नावांनी त्या ओळखल्या जात. सगळ्यांचा सूत्रधार, विदूषक, गणपती आणि सरस्वती भाव्यांच्याच घडणीची. ज्याने वाट पाडली त्याला त्या वाटेवरची गर्दी कधी कधी अडचणीची होते. १८६० नंतर थोड्याच वर्षांत विष्णुदासांनी नाटकाच्या व्यवसायातून अंग काढून घेतले.

त्यानंतर ते जवळजवळ चाळीस वर्षे जगले. आपण सुरू केलेल्या गोष्टीचे रूप पालटताना त्यांना पाहता आले, असे भाग्य थोड्यांना लाभते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. आता पदे सूत्रधार गात नव्हता. दुष्यंत आणि शकुंतला स्वतःच गात होती. जनकाला बोलण्यासाठी विष्णुदासांनी तोंड दिले होते, पण त्याचे गाणे मात्र सूत्रधाराकडे ठेवले होते. ते गाणेही सदतीस वर्षांनंतर पात्रांच्या स्वाधीन झाले.

१८८५ साली भाव्यांच्या पदांचा ‘नाट्यकविता संग्रह’ छापून प्रसिद्ध झाला. त्यात पदे आहेत; नटांनी ऐन वेळी केलेली भाषणे अर्थातच नाहीत. ज्या शब्दांनी सांगलीचा दरबार हसला आणि मुंबईचे नाट्यगृह दणाणले, ते शब्द पलित्यांच्या धुराबरोबर विरून गेले. म्हणून आज भाव्यांचे नाटक हाती घेऊन वाचू म्हटले, तर अर्धेच हाती येते.

९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदास भावे यांचे निधन झाले. सांगलीतील आणि नवी मुंबईतील वाशी येथील नाट्यगृहांना त्यांचे नाव दिलेले आहे. ‘सीतास्वयंवरा’च्या पहिल्या प्रयोगाचा दिवस, ५ नोव्हेंबर, हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी सांगलीस एखाद्या थोर रंगकर्मीला विष्णुदास भावे गौरवपदक अर्पण करतात.

राजवाड्यापासून निघालेली ही परंपरा पुढे गोंधळ्यांच्या मुलखातही आली. २०१७ च्या एप्रिल महिन्यात ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन उस्मानाबाद येथे, म्हणजे आताच्या धाराशिवास भरले. ज्येष्ठ नट जयंत सावरकर हे त्याचे अध्यक्ष होते. एप्रिलचे कडक ऊन होते, तरी निरनिराळ्या गावांचे नट, नाटककार आणि नाट्यप्रेमी त्या निमित्ताने तेथे एकत्र आले.

आणि त्या बाहुल्या? माणसांकडून नाटक करवून घेण्याआधी तरुण विष्णूने ज्या लाकडी बाहुल्या घडविल्या होत्या, त्या नष्ट झाल्या नाहीत. कित्येक वर्षे त्या पडून होत्या. पुढे बाहुल्यांचे खेळ करणारे प्रसिद्ध कलावंत रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त केल्या, त्यांचे सांधे जुळविले, दोऱ्या पुन्हा ओवल्या आणि त्याच बाहुल्यांकडून ‘सीतास्वयंवरा’चा खेळ करून दाखविला.